उंटवाल्यांच्या गावी मुक्काम

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नकाशात एक वाकडीतिकडी रेघ आहे. जमिनीवर ती कुठेच दिसत नाही. 1865 साली जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याने घोड्यावरून फिरून, झाडोरा बघत बघत ती आखली. रेघेच्या दक्षिणेला गहू पेरावा, उत्तरेला पेरू नये. तिकडे वर्षाला दहा इंच पावसाचाही भरवसा नाही, असं त्याचं सांगणं. पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला आणि लोकांनी गॉयडरला वेड्यात काढलं. सरकारनेही रेघेपलीकडची जमीन शेतीला खुली केली. नांगर चालला की पाऊस त्याच्या मागोमाग येतो, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जाई. मग 1880 नंतर दुष्काळ पडले आणि गॉयडर खरा ठरला.

आमची कॅरव्हॅन ही रेघ ओलांडत होती तेव्हा मी दादाला हे सांगत होतो. दादा आटपाडीचा, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. तो आणि वहिनी आमच्याकडे ॲडलेडला राहायला आले होते. समुद्रकिनारे, द्राक्षमळे, मॉल सगळं बघून झाल्यावर दादा म्हणाला, "हे झालं. आता मोकळा मुलूख दाखव." म्हणून ही वाट धरली होती. गॉयडरची गोष्ट त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि एकच विचारलं, "मग पाऊस गेल्यावर त्या माणसांचं काय झालं?" दुष्काळी तालुक्यात जन्मलेला माणूस रेघ कुणी आखली हे विचारत नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर वाटेवरच होतं. लिंडहर्स्टच्या पुढे फरीना नावाचं उजाड गाव लागतं. 1878 साली ते वसवलं. लॅटिनमध्ये फरीना म्हणजे पीठ. इथे गव्हाची कोठारं भरतील या आशेने ते नाव दिलेलं. गहू काही पिकला नाही. आता दगडी भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. पण जमिनीखाली बांधलेली जुनी बेकरी शाबूत आहे आणि हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक येऊन ती भट्टी पुन्हा पेटवतात. पडक्या घरांच्या डागडुजीसाठी ही मंडळी लांबलांबून स्वखर्चाने येतात. वहिनींनी तिथून पाव घेतला, ऊनऊन तोडून आम्हाला दिला. पीठ बाहेरून येतं, पाणी जपून वापरलं जातं, आणि ज्या गावात कुणी राहत नाही तिथे पावाचा वास सुटतो. माणसाच्या चिवटपणाचा इतका साधा पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

फरीना ते मरी या टप्प्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. सपाट, तांबूस, खुरटी झुडपं. कॅरव्हॅन मागे लावलेली असली की वेग आवरता ठेवावा लागतो आणि उन्हं कलायच्या आत मुक्काम गाठावा लागतो, कारण संधिप्रकाशात कांगारू रस्त्यावर येतात. दादाला सगळ्यात आवडला तो गाडीतला यूएचएफ रेडिओ. चाळीस नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले बोलत असतात. मागून रोड ट्रेन आली, म्हणजे पन्नासेक मीटर लांबीचा तीन ट्रेलरांचा ट्रक, तर त्याला रेडिओवर सांगायचं, पुढे रस्ता मोकळा आहे, ये. मी तसं सांगितलं, डावीकडे घेऊन वेग कमी केला, आणि तो धूळ उडवत पुढे निघून गेल्यावर रेडिओवर त्याचे आभाराचे दोन शब्द आले. दादाचा चेहरा खुलला. घाटात साइड देण्याघेण्यात त्याची हयात गेली होती. त्या ट्रकवाल्याचं इंग्रजी त्याला कळलं नाही, पण म्हणणं कळलं.

ॲडलेडहून साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर झाले की मरी येतं. वस्ती जेमतेम शंभर माणसांची. 1883 साली बांधलेलं दगडी दुमजली हॉटेल, किराणा आणि डिझेल मिळणारं दुकान, कॅरव्हॅन लावायची जागा, शाळा, आणि गावाच्या मधोमध एक रेल्वे स्टेशन, जिथे गाडी येत नाही. इथून दोन प्रसिद्ध कच्चे रस्ते फुटतात. उत्तरेला बर्ड्सव्हिल ट्रॅक, पाचशे किलोमीटरहून थोडा जास्त, क्वीन्सलंडमध्ये जातो. वायव्येला ऊडनाडाटा ट्रॅक, त्याहूनही लांब. त्यामुळे मरीला येणारा प्रत्येक जण पुढे कुठेतरी निघालेला असतो. डिझेल भरतात, टायरची हवा उतरवतात, पाण्याची टाकी बघतात, हॉटेलात काहीतरी खातात आणि सकाळी पसार होतात. निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून देशभर हिंडणारी जोडपी इथे पुष्कळ भेटतात, त्यांच्याही बोलण्यात मरी फक्त अंतर मोजण्यापुरतं येतं. आमचा बेत मात्र इथेच राहायचा होता. आम्हाला पुढे कुठे पोहोचायचं नव्हतं.

वर्षाला साधारण 160 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी गाव का झालं? उत्तर पायाखाली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भूभागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा पाण्याचा साठा पसरलेला आहे. पूर्वेकडच्या डोंगरांत मुरलेलं पाणी खडकांच्या थरांतून सरकत सरकत इकडे येतं; त्यातलं काही लाखो वर्षांपूर्वीचं आहे. या वाळवंटाच्या कडेला ते आपल्याच दाबाने झऱ्यांतून वर येतं. हे झरे एका माळेत आहेत, आणि सगळा इतिहास त्या माळेवरून चालत गेला आहे. आधी अरबाना आणि शेजारचे आदिवासी समाज, ज्यांच्या काव आणण्याच्या वाटा या झऱ्यांवरून जात. मग 1859 साली जॉन मॅकडूल स्टुअर्टची मोहीम. तिच्यातल्या हर्गॉट नावाच्या जर्मन माणसाला इथला झरा दिसला, म्हणून जागेला हर्गॉट स्प्रिंग्ज म्हणू लागले. मग 1872 साली पुरी झालेली तारायंत्राची लाइन. मग रेल्वे. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं पुसायचा कायदा झाला, 1918 मध्ये हर्गॉटचं नाव गेलं आणि मरी राहिलं. अरबाना लोकांचा या भूमीवरचा मूळ हक्क न्यायालयाने 2012 मध्ये मान्य केला. त्यांनी तो कधीच सोडलेला नव्हता.

रेल्वे 1884 साली मरीपर्यंत आली. पुढे 1929 पासून ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत गाडी जाऊ लागली, तिला घान म्हणत. 1957 मध्ये दक्षिणेकडून मरीपर्यंत रुंद रूळ आले आणि पुढे अरुंदच राहिले, त्यामुळे प्रवासी, सामान, गुरं सगळं इथे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे. बर्ड्सव्हिल ट्रॅकवरून आठवडेच्या आठवडे हाकत आणलेले गुरांचे कळप इथे डब्यांत भरले जात. गावाची ती भरभराट होती. पण झऱ्यांच्या वाटेने जाणारा तो मार्ग पुरात वारंवार वाहून जाई. 1980 मध्ये पार पश्चिमेकडून नवा मार्ग काढला आणि घान मरीला यायची थांबली. जुनी डिझेल इंजिनं स्टेशनवर रंग उडालेल्या अवस्थेत उभी आहेत. दादा इंजिनाच्या पायरीवर बसून बराच वेळ रूळ संपतात तिकडे बघत होता.

घान हे नाव ज्यांच्यावरून आलं ते लोक याच रुळांच्या एका बाजूला राहत. मरी रुळांनी दुभंगलेलं होतं. एका बाजूला हॉटेल आणि गोऱ्यांची घरं. दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या झोपड्या, उंटांचे गोठे, खजुराची झाडं आणि मशीद. तिथे उंटवाले आणि आदिवासी. 1866 साली थॉमस एल्डर नावाच्या धनिकाने कराचीहून शंभरावर उंट आणि ते हाकणारी माणसं जहाजाने आणली. त्या काळी कराची मुंबई इलाख्यात होती. पुढच्या अर्धशतकात असे दोन हजारांहून अधिक लोक आले. बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी. सरसकट सगळ्यांना अफगाण म्हटलं जाई. हिंदुस्थानच्या इतर भागांतलेही काही होते. ब्रोकन हिलच्या जुन्या मशिदीत वर्षानुवर्षं कुराण समजून जपलेला ग्रंथ बंगाली पद्याचा निघाला. इतिहासकार सामिया खातून यांनी त्याचा माग काढत 'ऑस्ट्रेलियानामा' हे पुस्तक लिहिलं.

तारायंत्राचे खांब, रुळांचं सामान, पीठ, साखर, चहा, दारू, खाणींची यंत्रं, पियानोसुद्धा, सगळं उंटांवरून आत गेलं. धट्टाकट्टा नर पाचसहाशे किलो वाहून नेई. परत येताना दोन्ही अंगांना लोकरीचे गठ्ठे. बैल आणि घोडे जिथे तहानेने मरत तिथे उंट आणि उंटवाला जात राहिले. या देशाच्या आतल्या अर्ध्या भागाला पहिला चहा आणि पहिलं टपाल ज्यांच्यामुळे मिळालं, त्यांना देशाने काय दिलं? 1901 च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांचं येणं बंद केलं, त्यामुळे गावाकडून बायको आणणं बहुतेकांना अशक्य झालं. 1903 च्या कायद्याने आशियात जन्मलेल्याला नागरिकत्व मागण्याचीच सोय ठेवली नाही. काहींनी आदिवासी आणि गोऱ्या बायकांशी संसार थाटले, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही या मुलखात आहेत. काही म्हातारपणी एकटे परत गेले. ट्रक आल्यावर उंटांचं काम सुटलं, आणि 1925 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने भटके उंट मारून टाकण्याची मुभा देणारा कायदा केला. पुष्कळांना आपलं जनावर मारवेना. त्यांनी उंट वाळवंटात सोडून दिले. आज मध्य ऑस्ट्रेलियात जे रानटी उंट आहेत ते त्या उंटांचे वंशज.

या सगळ्यांतला एक माणूस मला विशेष जवळचा वाटतो. बेजा दरवेश. बलुचिस्तानात जन्मला, हिंदी लष्करात नोकरी केली, मग उंटांबरोबर इकडे आला. 1896 साली लॉरेन्स वेल्सच्या कॅल्व्हर्ट मोहिमेत तो उंट सांभाळायला होता. ग्रेट सँडी वाळवंटात त्या मोहिमेची वाताहत झाली, दोन माणसं तहानेने मेली. त्यांतला एक वेल्सचा चुलतभाऊ. उंट जिवंत राहिले तर माणसं राहतील हे बेजाला माहीत होतं आणि त्याने उंट राखले. वेल्सने पुढे आपलं होकायंत्र त्याला भेट दिलं. एका टेकडीला त्याचं नाव आहे. तो मरीला स्थायिक झाला, खजूर लावले, आणि 1957 साली पंचाण्णवच्या घरात असताना वारला. 1939 मध्ये सेसिल मॅडिगनने सिम्प्सन वाळवंट पार केलं तेव्हा उंट हाकायला बेजाचा मुलगा जॅक होता. शाळेच्या पुस्तकांत मॅडिगन असतात, बेजा आणि जॅक नसतात. हे पुस्तकं लिहिणाऱ्यांनी दुरुस्त करायला हवं, आणि हळूहळू ते होतंही आहे.

गावाबाहेर दफनभूमी आहे. तिथेही वेगवेगळे भाग पाडलेले: गोऱ्यांचा, उंटवाल्यांचा, आदिवासींचा. उंटवाल्यांच्या कबरी मक्केच्या दिशेचा हिशोब धरून खणलेल्या. कित्येकांवर नाव नाही. वहिनी गोऱ्यांच्या भागापासून निघाल्या आणि कुठलाही भाग न वगळता सगळीकडून चालत आल्या. परत येताना एवढंच म्हणाल्या, "इतक्या लांब आले, आणि घरच्यांना कळलं तरी असेल का हो?" मी काही बोललो नाही. आमच्या आईच्या वेळी मीही इकडे होतो. मूळ मशीद आता राहिलेली नाही. तिच्या आठवणीसाठी माती आणि लाकडाची एक साधी प्रतिकृती उभी केली आहे. ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी ती एक होती.

उंटांनंतर ट्रक आले, आणि ट्रकवाल्यांत मरीचा सगळ्यात नावाजलेला माणूस टॉम क्रूझ. सिनेमातला नव्हे. हा बर्ड्सव्हिल ट्रॅकचा टपालवाला. 1936 पासून पुढची वीसेक वर्षं दर पंधरवड्याला तो मरीहून टपाल, किराणा, औषधं, पिंपं आणि कधी प्रवासी घेऊन निघे. लेलँड बॅजर ट्रक वाळूत रुतला की चाकांखाली लोखंडी पत्रे घालायचे. कूपर क्रीकला पूर आला की सामान होडीतून पलीकडे न्यायचं. वाटेत काही मोडलं तर तिथल्या तिथे जोडायचं. 1954 साली जॉन हेयरने त्याच्यावर 'द बॅक ऑफ बियाँड' हा चित्रपट केला, त्याला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च बक्षीस मिळालं. क्रूझ 2011 मध्ये वारला. तो ट्रक दुरुस्त करून आता बर्डवुडच्या मोटार संग्रहालयात ठेवला आहे.

ही हकीकत मी दादाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मुक्कामी गाडी." आणि मग त्या रात्री कॅरव्हॅनबाहेर खुर्च्या टाकून बसलो असताना त्याने आपल्या मुक्कामी गाड्या काढल्या. संध्याकाळची शेवटची एसटी, डेपोतून निघून रात्री आडगावात पोहोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे, सकाळी तीच पहिली गाडी म्हणून परत. जाताना औषधाच्या बाटल्या, बियाणांच्या पिशव्या, लग्नाच्या पत्रिका. येताना दुधाच्या किटल्या आणि तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे, प्रत्येकावर रंगाने नाव. गावातलं कुणी ना कुणी रात्री भाकरी-कालवण आणून द्यायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडे लावायची आणि पलीकडच्या पोरांना हात धरून उतरवून घ्यायचं. त्याच्या तोंडून हे आधीही तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. इतकं सलग कधी ऐकलं नव्हतं. तो पुढे म्हणाला, "दिवसाच्या गाडीच्या ड्रायव्हरला गावाचा फक्त स्टँड कळतो. गाव कळायचं तर रात्री तिथं पाठ टेकावी लागते."

हिवाळ्यात इथे रात्री थंडी मरणाची पडते. बायकोने आत गॅसवर पिठलं आणि भात केला, फरीनाचा पाव उरला होता तोही शेकला. शेजारच्या कॅरव्हॅनमधलं व्हिक्टोरियातलं एक वयस्क जोडपं वासाने विचारपूस करायला आलं आणि जेवूनच गेलं. ते पहाटे बर्ड्सव्हिलकडे निघणार होते. दादाने मला दुभाषी करून त्यांच्याकडे ट्रॅकची सगळी चौकशी केली: किती पाणी घेतलंय, स्टेपनी किती, कुणाला सांगून निघालाय का. त्या बाईंनी कागदावर लिहून ठेवलेली यादी दाखवली. दादा समाधानाने मान हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नुसते गावात होतो. दुकानात बसलो, शाळेजवळून फिरलो, स्टेशनवरचे फलक वाचले. मरीत लेक आयर यॉट क्लब आहे. उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर काटी थंडा-लेक आयर हा समुद्रसपाटीखाली पंधरा मीटर गेलेला अजस्र खाऱ्या पाण्याचा तलाव आहे, तो बहुतेक वर्षं कोरडाच असतो; क्वीन्सलंडमध्ये मोठा पाऊस झाला तर नद्यांमधून महिन्यांनी पाणी इथे येतं आणि हजारो पक्षी जमतात. त्या पाण्याची वाट बघत शिडाच्या होड्या बाळगणाऱ्यांचा हा क्लब. त्यांच्या उमेदीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. गावाजवळच्या पठारावर मरी मॅन नावाची पावणेतीन किलोमीटर उंचीची माणसाची आकृतीही कोरलेली आहे, 1998 मध्ये ती एका वैमानिकाला दिसली, कुणी काढली हे आजवर ठरलेलं नाही. ती विमानातूनच दिसते. विमानाचं तिकीट काढण्यापेक्षा दफनभूमीत पुन्हा एकदा जावं असं आम्हा चौघांनाही वाटलं आणि आम्ही तेच केलं.

ऑस्ट्रेलियात मुलाकडे, लेकीकडे, भावाकडे येणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. ऑपेरा हाउस बघा, ग्रेट ओशन रोड बघा, ते बघण्यासारखंच आहे. पण हातात आठवडाभर असेल तर मे ते ऑगस्टच्या दरम्यान कॅरव्हॅन भाड्याने घ्या आणि मरीसारख्या एखाद्या गावी मुक्काम करा. प्यायचं पाणी भरपूर सोबत ठेवा, वाटेत मोबाइलला रेंज नसते हे लक्षात असू द्या, डिझेल निम्म्यावर आलं की भरा, कच्च्या रस्त्याला लागण्याआधी तो पावसाने बंद तर नाही ना हे विचारा. किराणा शहरातून भरून नेऊ नका. थोडा महाग पडला तरी गावातल्याच दुकानातून घ्या, ते दुकान आपल्यासारख्यांवरच चालतं. आणि सकाळी निघायची घाई न करता रुळांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन या.